वरली वल

भाऊबीजेला माहेरी गेले होते. ओवाळून झालं, दारातल्या पणत्यांतलं तेल संपत आलं, आणि भावाचा मुलगा ओसरीवर माझ्याशेजारी येऊन बसला. पुण्यात नोकरी करतो, चोवीस वर्षांचा आहे. मोबाईल माझ्या हातात देत म्हणाला, "आत्या, बघ कुठं जायलोय." फोटोत एक उतार होता. पांढरा, पण पुरता पांढरा नव्हे. जागोजाग काळे दगड डोकं वर काढून बसलेले, पिवळ्या गवताची टोकं बर्फातून बाहेर आलेली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो आणि त्याचे तीन मित्र निघणार होते. उत्तराखंडात सांक्रीच्या वर, नेहमीची वाट सोडून एक खिंड ओलांडायची. सोबत वाटाड्या नाही. सगळा ट्रॅक मोबाईलवर उतरवून घेतलेला. मी बर्फाचं विचारलं तर हसून म्हणाला, "बर्फ कुठाय अजून? घोट्याएवढा, लई तर गुडघ्याएवढा. जानेवारीत गेलं की एवलांचची, बर्फ कोसळायची भीती. म्हणून तर आत्ता जायलोय." मी म्हणाले, "जपून जा बाबा." आणि चकल्यांचा डबा त्याच्याकडे सरकवला.

रात्रभर ते "म्हणून तर" माझ्या कानात राहिलं.

गुडघ्याएवढ्या बर्फाबद्दल मला जे माहीत आहे ते त्याला त्याच वेळी सांगायला हवं होतं. सणाचा दिवस होता, घर भरलेलं होतं, त्याच्या आईसमोर हा विषय काढायचा नव्हता, ही सगळी कारणं खरी आहेत. पण त्याहून खरं कारण म्हणजे त्याच्या डोळ्यांतली चमक. ती मी ओळखत होते. एके काळी ती माझ्या डोळ्यांत होती, आणि तेव्हा कुणी ती विझवली असती तर मी त्याला आयुष्यभर माफ केलं नसतं.

आम्ही औसा तालुक्यातली माणसं. आमच्याकडे पांढरं म्हणजे कापूस, चुना आणि देवळाजवळचा चाफा. आभाळातून पडणारं पांढरं आम्ही एकाच रूपात पाहिलेलं, गारांच्या. 2014 च्या मार्चमधली गारपीट अजून कुणी विसरलेलं नाही. अर्ध्या तासात शिवार पांढरं झालं, बांधाच्या कडेला गारांचे ढीग साचले, आणि लहान पोरं टोपली घेऊन धावली, "काश्मीर झालं, काश्मीर!" म्हणत. पलीकडे काढणीला आलेला गहू जमिनीला चिकटला होता आणि कुणी काही बोलत नव्हतं. पोरांचा तो आनंद आणि मोठ्यांचं ते गप्प उभं राहणं एकाच बांधावर होतं. मला त्या दिवशीही दोन्ही बाजू कळत होत्या, आणि पोरांना रागवायला माझी जीभ उचलली नव्हती.

मी स्वतः बर्फ पहिल्यांदा पाहिला 1997 च्या ऑक्टोबरात. कॉलेजच्या एनसीसीमधून गिर्यारोहणाच्या प्राथमिक कोर्सला माझी निवड झाली होती. आईनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, अण्णांनी एसटी स्टँडवर नुसतं "जा" म्हटलं. उत्तरकाशीजवळ तेखलाच्या कातळांवर आठवडाभर हात सोलून घेतल्यावर आम्ही भुक्की गावातून वर चढायला लागलो. देवदार, मग भूर्ज, मग झाडंच नाहीत. आणि एका सकाळी तंबूची चेन उघडली तर बाहेर सगळं पांढरं. मी ओंजळीत घेतला, चाटून पाहिला, गालाला लावला. माझ्या शेजारची नागपूरची मुलगी रडत होती, का ते तिला सांगता येईना. घोट्याच्या थोडा वर येईल एवढाच होता. मला वाटलं, एवढासाच? अजून पडायला हवा.

दोन दिवसांनी उस्तादांनी, म्हणजे आमच्या प्रशिक्षकांनी, आम्हाला एका उताराच्या पायथ्याशी नेलं आणि फावडं काढून सरळ खड्डा खणायला घेतला. थेट जमिनीपर्यंत. फार खणावं लागलं नाही, हातभर खोलीवर माती आणि दगड लागले. मग खड्ड्याची एक भिंत त्यांनी हातमोज्यानं गुळगुळीत केली आणि आम्हाला एकेक करून खाली बसवलं. वरच्या थरात बोट खुपसायला सांगितलं. बोट कष्टानं गेलं. वाऱ्यानं आणून दाबून बसवलेला तो थर पाटीसारखा होता. मग म्हणाले, अब नीचे. खाली, जमिनीलगत, माझी अख्खी मूठ सहज आत शिरली आणि दाणे घरंगळून बाहेर आले. मोठे, चमकदार, कोनदार, सुटे. मी हातावर घेतले तर एक दाणा दुसऱ्याला धरेना. साखरच. आमच्या भागातल्या कारखान्याच्या गोदामात फाटक्या पोत्यातून सांडते तशी.

ही साखर तयार कशी होते ते मला तिथं कळलं आणि मग कधी विसरले नाही. बर्फाखालची जमीन शून्य अंशाच्या आसपास राहते, तिच्यात उन्हाळ्याची ऊब मुरलेली असते. वरची रात्रीची हवा उणे पंधरा. बर्फ दोन मीटर जाड असेल तर हा फरक त्या दोन मीटरांत सावकाश पसरतो, कण एकमेकांना धरून राहतात. पण बर्फ हातभरच असेल तर सगळा फरक त्या हातभरातच मावायला बघतो. दहा सेंटीमीटरमागे एक अंशाहून जास्त तफावत पडली की जमिनीकडची वाफ जोरानं वर सरकते, आणि कण आपला आकार बदलत बदलत एकमेकांची पकड सोडतात. म्हणजे बर्फ जितका पातळ तितका तो आतून लवकर पोखरला जातो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात उन्हाच्या अंगाचा बर्फ वितळून जातो. टिकतो तो सावलीच्या, उत्तरेकडच्या उतारांवर आणि घळींमध्ये, आणि तिथंच तो साखर होऊन पडून राहतो. पुढच्या वादळानं किंवा नुसत्या वाऱ्यानं त्याच्यावर पाटी चढवली की झालं. बर्फाच्या ओढीनं गेलेला माणूस जिथं बर्फ आहे तिथंच जाणार. आमच्या भाच्याच्या फोटोतला उतार सावलीचा होता. फोटो भर दुपारी काढलेला, तरी त्यावर ऊन नव्हतं.

त्याच दिवशी परतताना तो आवाज झाला.

सपाटीवरून ओळीनं चाललो होतो. पुढच्या दोघींच्या पायाखालून "घुम्म" असा आवाज आला, दबका, रुंद, कानापेक्षा पोटात ऐकू येणारा. सगळी सपाटी एकदम बोटभर खाली बसली आणि माझ्या बुटाजवळून एक चीर सरसर करत लांब पळत गेली. उस्तादांनी हात वर केला. "रुक जाओ सब." मग शांतपणे म्हणाले की खालची साखर दबली, तिच्यातली हवा बाहेर पडली, त्याचा हा आवाज. आपण सपाटीवर आहोत म्हणून उभे आहोत. उतार असता तर वरची पाटी सुटली असती, आपल्याला घेऊन. तीस ते पंचेचाळीस अंशांचे उतार सगळ्यांत घातकी, डोंगरात राहणारे उगाच त्याच्यापासून लांब तंबू ठोकत नाहीत. काही मुली हसल्या, दोघीतिघींनी आवाज पुन्हा यावा म्हणून पाय आपटून पाहिले. मी खाली बसले होते. पायांत जीवच नव्हता. उस्तादांना वाटलं मला उंचीचा त्रास झाला; त्यांनी पाणी दिलं, डोळ्यांत बघून बोटं मोजायला लावली. मला हिंदीत सांगता येईना की हा आवाज मी आधी ऐकलाय.

30 सप्टेंबर 1993. गणपती बुडवून माणसं उशिरा निजलेली. पहाटे तीन छप्पन्नला आधी आवाज आला, जमिनीतून, आणि मग हलायला लागलं. मी पंधरा वर्षांची होते. आमच्या गावाचं थोडक्यावर निभावलं, दोन-चार भिंती गेल्या, आमच्या घराला आरपार भेग पडली. किल्लारीकडे मात्र गावंच्या गावं बसली. त्या घरांच्या भिंती नुसत्या मातीत रचलेल्या दगडांच्या, आणि वर माळवदावर वर्षानुवर्षं थापत आणलेलं मातीचं हातहातभर ओझं. वर जड, खाली पकड नाही. जवळजवळ दहा हजार माणसं गेली, त्यात आईच्या माहेरची चार. त्यानंतर वर्षभर आम्ही अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये झोपलो, आणि रात्री-बेरात्री जमीन गुरगुरली की आई काहीही न बोलता आम्हा भावंडांच्या अंगावर हात ठेवायची. अजूनही आमच्याकडे अधूनमधून जमिनीतून आवाज येतात. 2022 मध्ये निलंगा तालुक्यात हासोरीची माणसं त्या आवाजांना घाबरून घराबाहेर निजत होती. जमीन बोलली की ऐकायचं, हे आमच्या पिढीच्या हाडांत गेलंय. बर्फात तो आवाज आला तेव्हा माझं अंग माझ्याआधी खाली बसलं, एवढंच.

आणि त्याच 2022 च्या ऑक्टोबरात, चार तारखेला, टीव्हीवर द्रौपदी का डांडाचं नाव ऐकलं. मी सहामाहीचे पेपर तपासत होते. त्या शिखराच्या पायथ्याच्या हिमनदीकडे आम्ही भुक्कीवरूनच चाललो होतो. प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक शिखराच्या वाटेवर असताना उतार सुटला. सत्तावीस जणांचे देह मिळाले, दोघं सापडलेच नाहीत. त्यात प्रशिक्षक सविता कंसवाल होत्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्यांनी सोळा दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू अशी दोन्ही शिखरं चढली होती. बाकीची बरीचशी विशी-तिशीतली मुलं, ओंजळीत बर्फ घेऊन गालाला लावण्याच्या वयाची. मी लाल पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. कॅलेंडरवर नवरात्र चालू होतं. हिवाळा अजून लागायचा होता. ज्यांना बर्फ कळतो त्यांनाही बर्फ फसवतो, हे मला त्या दिवशी फार एकटं करून गेलं. म्हणूनही कदाचित भाच्याला सांगताना जीभ अडली असेल. मला जे माहीत आहे ते त्याला पुरेल याची खात्री मीच कुठून देणार?

पण न सांगण्याचं तेही कारण होऊ शकत नाही. झोप लागत नव्हती तेव्हा मला मृगाचा पाऊस आठवत राहिला. वाट पाहून पाहून डोळे गेलेले असतात, ढेकळं तापलेली असतात, आणि एका संध्याकाळी वास सुटतो, सर येते, अंगण भिजतं. त्या वासात माणसाचा हिशोब सुटतो. परभणीचं कृषी विद्यापीठ दरवर्षी सांगतं की पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. सगळ्यांना ते पाठ असतं. तरी शेजाऱ्याची तिफण शिवारात दिसली की आपलीही निघते. 2015 साली जून बरा बरसला, जुलै कोरडा गेला. उगवलेलं सोयाबीन दोन पानांवर करपलं. आमच्या गावात निम्म्यांनी दुबार पेरणी केली, उसनवारीनं. पुढच्या वर्षी तर लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या माणसांना मूर्ख म्हणणारे शहरात पुष्कळ भेटतात. मला तसं म्हणवत नाही. ज्यानं फार वाट पाहिलेली असते त्याला पहिलं थोडंसंच पुष्कळ वाटतं. डिसेंबरच्या गुडघाभर बर्फाकडे पुण्याहून धावणाऱ्या पोराचं याहून वेगळं काय आहे?

अण्णा मात्र त्या वर्षी थांबले होते. ते दरवर्षी थांबतात. ते सर पडल्यावर आभाळाकडे बघत नाहीत, खुरपं घेऊन शेतात जातात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघालेच होते. आदल्या आठवड्यात अवकाळी एक सर येऊन गेली होती आणि सोयाबीन निघालेल्या तुकड्यात हरभरा पेरायचा होता. मी भाच्याला उठवलं, म्हटलं, चल अण्णांसोबत. डोळे चोळत आला. बांधावर दव होतं, चपला ओल्या झाल्या. वावर छान दिसत होतं, काळंभोर, भिजलेलं. पायाला माती चिकटत होती. भाचा म्हणाला, "झालं की अण्णा, वापसा आलाय. पेरून टाका." अण्णांनी उत्तर दिलं नाही. गुडघ्यावर बसले, त्र्याऐंशीव्या वर्षी बसायला वेळ लागतो, आणि खुरप्यानं वीतभर खड्डा काढला. मग खड्ड्याची एक बाजू अंगठ्यानं सारखी केली. मी ती हालचाल बघतच राहिले. हातमोजा नव्हता, एवढाच फरक. वरची चार बोटं माती काळी, ओली, लोण्यासारखी. त्याखाली रंग एकदम फिका. अण्णांनी तिथली माती चिमटीत घेतली आणि भाच्याच्या तळहातावर सोडली. फुंकर मारली तर उडाली. "वरली वल खोटी असतीय," ते म्हणाले. "खाली बघ, धूळ हाय. हितं पेरलं तर उगवल. आन मरल."

भाचा हातावरची धूळ बघत होता. मी तिथंच, बांधावर बसून, सगळं सांगितलं. खड्डा, पाटी, साखर, घुम्म. पातळ बर्फात दगड वर आलेले असतात, आणि त्या दगडांभोवती थर सगळ्यांत बारीक असतो. माणसाचं वजन नेमकं तिथून खालच्या साखरेपर्यंत पोचतं. उतार सुटला तर जानेवारीत निदान दगड खोल गाडलेले असतात, डिसेंबरात माणूस त्यांच्यावरून खरवडत जातो. अपघात होतो तेव्हा दहातल्या नऊ वेळा उतार सोडणारा पाय त्याच माणसाचा किंवा त्याच्या सोबत्याचा असतो. त्यानं वाद घातला, घालायलाच हवा होता. म्हणाला, "सियाचीनला ते लान्सनायक सहा दिवसांनी जिवंत सापडले होते की." मी म्हटलं, हो, हनुमंतप्पा कोप्पड. फेब्रुवारी 2016. पंचवीस-तीस फूट बर्फाखाली, हवेच्या एका पोकळीत ते तगले. तीन दिवसांनी दिल्लीत गेले. त्यांच्यासोबतचे नऊजण आधीच गेले होते. किल्लारीच्या भूकंपातही पाच दिवसांनी एक लहानगी मुलगी जिवंत निघाली होती, आणि त्या एकीची गोष्ट आपण तीस वर्षं सांगतो, कारण ती एकच होती. बर्फ थांबला की घट्ट होतो, बोट हलवता येत नाही, आणि आपल्याच श्वासाची तोंडासमोर बर्फाची काच होऊन बसते. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर बहुतेक वाचतात. अर्धा-पाऊण तास झाला की थोडे. सांक्रीहून वर मदत यायला किती वेळ लागेल? म्हणजे काढणार तुम्हीच, एकमेकांना. त्यासाठी चौघांकडे काय आहे?

"हेल्मेट हाय," तो हळू म्हणाला.

गाडलेल्याचा माग देणारं शोधयंत्र, बर्फात खुपसून बघायची लांब सळई आणि फावडं, प्रत्येकाकडे. एकाकडे असून भागत नाही. ज्याच्याकडे आहे तोच गाडला गेला तर? चंडीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था हिमस्खलनाचे इशारे देते, ते बघून निघायचं. सोबत तिथला माणूस घ्यायचा, ज्यानं त्या वर्षीचा पहिला बर्फ कधी पडला आणि कुठे टिकला हे डोळ्यांनी पाहिलंय. मी बोलत होते आणि मला माझाच आवाज शाळेतल्यासारखा वाटायला लागला, म्हणून थांबले. जाऊ नको असं शेवटपर्यंत म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं का, हे आजही ठरत नाही. एकदा वाटतं, त्याच्या आईला सगळं सांगून टाकावं, ती रडेल आणि तो थांबेल. मग एसटी स्टँडवरचे अण्णा आठवतात. तेव्हा भूकंपाला चारच वर्षं झाली होती. सासरची चार माणसं जमिनीखाली गेलेल्या माणसानं आपल्या मुलीला हिमालयात पाठवताना काय काय गिळलं असेल, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

हरभरा त्या दिवशी पेरला नाही. अण्णा म्हणाले, वलवून मगच पेरू, आणि स्प्रिंकलरच्या पाइपांचं बघायला निघून गेले. भाचा दुपारच्या गाडीनं पुण्याला गेला. जाताना पाया पडला, विषय काढला नाही. मीही काढला नाही.

काल त्याचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. सोबत एक शब्द नाही. त्याच्या खोलीतल्या फरशीवर ॲल्युमिनियमचं एक नवं कोरं फावडं, लाल पात्याचं, आखूड दांड्याचं. खिंडीला जाणार की नाही, वाटाड्या घेतला की नाही, काही नाही. मी माहेरी फोन लावला, वहिनीला म्हटलं अण्णांना जरा तुझ्या मोबाईलवर फोटो दाखव, पाठवलाय. पलीकडे बराच वेळ शांतता होती. अण्णा चष्मा शोधत असावेत. मग त्यांचा आवाज आला, काळजीचा, अवजारं पारखताना असतो तसा.

"दांडा लईच बारका हाय ह्याचा. ह्येनं कुठवर खणायचं त्यानं?"

"जमिनीपर्यंत, अण्णा," मी म्हणाले. "सध्या तिथं जमीन फार खाली नसती."